सासिविमोनसाठी एक पंखा

छापखान्याच्या दारात एक तरुण उभा होता. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला, अंगात काळा शर्ट, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेला एक नवाकोरा उभा पंखा. पंख्याला पांढरी कागदी फुलं लावलेली, आडवी काळी फीत बांधलेली, आणि फितीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं — ‘कुमारी सासिविमोन हिला भावपूर्ण श्रद्धांजली’.

कुंगने फीत वाचली. डोळे चोळले. परत वाचली.

पंख्याचं नवल नव्हतं. त्रांगमध्ये, इकडच्या थाई गावांत, हल्ली कुणी गेलं की फुलांच्या चक्राऐवजी पंखाच नेतात. फुलं सुकून जातात, पंखा निदान विहारात भिक्खूंच्या कामी येतो. नवल होतं ते नावाचं. कारण सासिविमोन म्हणजे तीच होती — आणि ती तर इथे, दारात, हातात अर्धा खाल्लेला केक घेऊन चांगली धडधाकट उभी होती!

“विहार कुठला?” त्या तरुणाने विचारलं. आवाज पार बसलेला.

“अं?”

“दहन कुठल्या विहारात आहे? की... झालं?”

“कुणाचं दहन?” कुंगच्या तोंडातून केकचा कण उडाला.

त्याने नुसतं पंख्याकडे बघितलं. त्याचे डोळे लाल होते. पावसाने असतील, असं कुंगला आधी वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, पावसाने काही डोळे लाल होत नाहीत.

“तुम्ही... त्यांचे कोण?” तिने भीतभीत विचारलं.

“कुणीच नाही. म्हणजे... आम्ही कधी भेटलोच नाही. मी वोरावुत. पत्तालुंगला शाळेत शिकवतो. व्हॅनवाला पंखा सामानात घेईना, मग अख्खा घाट मांडीवर धरून आणला.”

वोरावुत!

गेलं वर्षभर सकाळी उठून आधी ईमेलमध्ये हेच नाव शोधायचं, अशी तिला खोड लागली होती. तिच्या वडिलांचा हा छापखाना चालायचा तो स्मरणपुस्तकांवर. घरातलं कुणी गेलं की त्या माणसाची हकीकत, फोटो, त्याच्या हातच्या चार पदार्थांच्या कृती, असं एक पुस्तक छापायचं आणि दहनाला आलेल्यांना वाटायचं. वोरावुतने त्याच्या मावशीचं पुस्तक इथे छापून घेतलं होतं. सगळा व्यवहार ईमेलवर, आणि फार अदबीचा. ‘आदरणीय कुमारी सासिविमोन’, ‘आदरणीय श्री. वोरावुत’. मग एकदा तिने लिहिलं, ‘मावशींनी आयुष्यात काय काय केलं ते सगळं आलंय, पण त्या हसायच्या कशा ते कुठेच नाही.’ त्यावर त्याचं हे एवढं लांब उत्तर आलं. तिथून जी पत्रं लांबत गेली ती पुस्तक छापून, वाटून झालं तरी थांबेनात. ‘आदरणीय’ मात्र दोघांपैकी कुणी काढलं नाही. आधी कुणी काढायचं, तिथेच सगळं अडलं होतं.

आणि आता तो असा समोर... पंखा घेऊन!

“पण तुम्हाला कुणी सांगितलं, की ती...” कुंगला पुढचा शब्द उच्चारवेना.

त्याने खिशातून मोबाइल काढला, शर्टाला पुसला, शर्ट ओला म्हणून परत पँटला पुसला, आणि तिच्यापुढे धरला. पडद्यावर छापखान्याच्या वेबसाइटचं एक पान होतं. वर नक्षीदार चौकट, चौकटीत ‘स्मरणार्थ — कुमारी सासिविमोन’. त्याखाली एक तारीख. आणि त्याखाली नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं, पार तळापर्यंत.

“खालचं काही वाचता येत नाही,” तो म्हणाला. “मला वाटलं, घरच्यांना रडून रडून नीट टाइपही करता आलं नसेल.”

कुंगने हातातला केक खाली ठेवला.

झालं होतं असं. छापखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये स्मरणपुस्तकांच्या ढीगभर फायली पडून होत्या. छापलेली पुस्तकं हरवतात, त्यांना वाळवी लागते. म्हणून कुंगने मनावर घेतलं, की ही सगळी वेबसाइटवर आणायची. एकेक पान हाताने करायचं तर जन्म गेला असता. तेव्हा तिने सर्व्हरवर बसणारी एक स्क्रिप्ट लिहायला घेतली. कुणी पुस्तक मागितलं की स्क्रिप्टने फाइल उघडायची, आतला मजकूर काढायचा, ठरलेल्या साच्यात भरायचा आणि पान करून समोर ठेवायचं. साच्यात नावाच्या जागा दोन — वर गेलेल्या माणसाचं नाव, अगदी तळाला अक्षरजुळणी करणाऱ्याचं. हे दुसरं नाव फाइलच्या पोटातच असतं. कॉम्प्युटर ज्याच्या नावाने, त्याचं नाव तो प्रत्येक फाइलला गुपचूप चिकटवतो. आणि वडिलांनी तो कॉम्प्युटर घेतला होता मुलीच्या दाखल्यावरच्या नावाने, तेही इंग्रजी अक्षरांत.

चाचणीला पहिली फाइल कुणाची घ्यायची, यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. तिने वोरावुतच्या मावशीची घेतली. ‘तुमच्या मावशींचं पान लवकरच इथे दिसेल’ असं त्याला कळवूनही टाकलं; आणि पान देखणं झाल्याशिवाय आता लिहायचंच नाही, असं ठरवून ती स्क्रिप्टमध्ये बुडून गेली. त्या नादात दोन जागांची झाली अदलाबदल. फाइलमधल्या थाई अक्षरांचे झाले चौकोन. इंग्रजीतलं तिचं नाव तेवढं स्वच्छ उमटलं, ते नेमकं वरच्या चौकटीत. आणि तारीख? फाइल शेवटची जपून ठेवली त्या दिवसाची!

“अहो, पण एक फोन तरी करायचा!” ती कळवळून म्हणाली.

“केला ना. एक बाई होत्या. म्हणाल्या, सासिविमोन? अशी कुणी नाही इथे. आणि... ठेवला फोन.”

तेवढ्यात आतून हाक आली, “कुंग! ए कुंग! कोण आलंय गं?”

त्याच त्या बाई. लमाईमावशी. कुंग रांगत होती तेव्हापासून इथे पुस्तकं बांधतात. पण कुंगचं दाखल्यावरचं नाव त्यांना माहीत असायचं काही कारणच नव्हतं. कुंग म्हणजे कोळंबी. जन्मली तेव्हा तेवढीशीच, गुलाबी आणि वाकडी होती, म्हणून आईने ठेवलेलं. इथे सगळ्यांचंच असं असतं. दाखल्यावरचं भारदस्त नाव कपाटात, आणि हाक मारायला कोळंबी, बेडूक, जे सुचेल ते.

कुंगने सगळं सांगायला तोंड उघडलं. “हे बघा, ती—”

“मला तिला एक सांगायचं होतं,” तो एकदम म्हणाला. “पत्रात नाही, समोर बसून. प्रत्येक सुट्टीत येणार होतो. प्रत्येक सुट्टीत धीर झाला नाही. आणि आता आलोय तर... हे घेऊन.”

आणि तो रडायला लागला. लहान मुलासारखा नाही, आवाज करून नाही. नुसतं पंख्याच्या दांड्यावर कपाळ टेकून.

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला काय म्हणायचं? अहो रडू नका, ती मीच, स्क्रिप्टमध्ये जरा घोळ झाला? आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी एक चोरटा प्रश्नही उभा राहिला होता... काय सांगायचं होतं याला?

“काय सांगायचं होतं?” तिने विचारलंच.

“ते तिलाच सांगायचं होतं,” तो म्हणाला. “तुम्ही?”

“मी... कुंग. मी इथेच असते. आत या. पंखा तिथे कोपऱ्यात ठेवा.”

झालं. चूक झाली ती तिथे. एकदा ‘मी कुंग’ म्हटल्यावर ‘मीच सासिविमोन’ म्हणायला जो धीर लागतो, तो कुंगला पुढे काही केल्या सापडेना.

पत्तालुंगच्या शाळेला सुट्टी होती. तो त्रांगमध्येच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपीच्या, म्हणजे कॉफीच्या, दुकानात दोघं समोरासमोर बसली. मध्ये भाजलेल्या डुकराच्या मांसाची बशी, वाफेचे पाव, आणि तळाला दाट दूध साचलेले काचेचे दोन ग्लास.

“मला पेत म्हणा,” तो म्हणाला. “बदक. लहानपणी चालायचो तसा.”

“अजूनही चालता,” कुंगच्या तोंडून निघून गेलं.

तो चमकला. मग हसला. हसताना त्याचा डावा गाल आधी हसायचा आणि उजवा मागून येऊन मिळायचा. आई गं, हे पत्रात कधी कळलं नव्हतं, कुंगला वाटलं.

“तुम्ही तिला चांगली ओळखायचात?” त्याने विचारलं.

“हो... म्हणजे... अगदी जवळून.”

“कशी होती?”

“बडबडी.”

“छे! शक्यच नाही. एकेक शब्द तोलून लिहायची.”

“लिहायची. बोलताना तोंडाला कुलूप नव्हतं. शिवाय विसरभोळी. आळशी. आणि स्कूटर घेऊन निघाली की लोक आपणहून फुटपाथवर चढायचे.”

“गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये.” त्याने ग्लास खाली आदळला.

“खरं तेच सांगतेय.”

“तुम्हाला ती आवडत नव्हती का?”

कुंगने बोटाने दुधाची रेघ ओढली. “कधी कधी... मुळीच नाही.”

“ती शांत होती,” तो ठासून म्हणाला. “समजूतदार होती. मावशी गेल्यावर मी हिशेबी माणसासारखा सगळं उरकत होतो. तिने विचारलं, मावशी हसायची कशी. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडलो. असं विचारणारं माणूस बडबडं असूच शकत नाही.”

घ्या! आता पत्रातल्या सासिविमोनशी कसं भांडायचं? त्या सासिविमोनने लिहिताना प्रत्येक ओळ चारदा खोडलेली असायची. ही कुंग बोलते ते आधी बोलते आणि विचार मागून करते. त्याला हवी होती ती पत्रातली. आणि पत्रातली ती, पेत म्हणतो तशी शांत-बिंत, कुंगला स्वतःलाही कधी भेटली नव्हती. स्वतःच स्वतःची सवत व्हायची वेळ जगात कुणावर आली असेल का?

“आणि दिसायला?” त्याने हळूच विचारलं.

“बरी होती. साधारण... माझ्यासारखीच.”

तो तिच्याकडे बघत राहिला. जरा जास्तच वेळ. बाहेर पत्र्यावर पाऊस ताडताड वाजत होता.

“मग छान होती,” तो म्हणाला. आणि एकदम चटका बसल्यासारखं त्याने ग्लासात डोकं घातलं. कुंगचे कान तापले. आनंद झाला की वाईट वाटलं, ते तिचं तिलाच कळेना. कौतुक झालं होतं कुंगचं, पण माणूस होता सासिविमोनचा.

त्या दिवशी तो छापखान्यात आला, दुसऱ्या दिवशीही आला. कधी छत्री विसरली म्हणून, कधी पाऊस थांबेपर्यंत म्हणून. पाऊस थांबायचा, हा थांबायचा नाही. ती कॉम्प्युटरपुढे बसलेली असायची आणि तो शेजारी स्टूल ओढून.

“हे काय करताय?”

“तुमच्या मावशींचं पान. अक्षरं नीट येईनात. कॉम्प्युटरला थाई कळत नाही असं नाही, पण फाइल एका पद्धतीने लिहिलेली आणि पान दुसऱ्या पद्धतीने वाचतंय... मधे दुभाष्या बसवायला हवा.”

“तिचंच अपुरं काम पुरं करताय,” तो भारावून म्हणाला.

“हं... तसंच काहीतरी.”

तिने दोन ओळी बदलल्या आणि पान पुन्हा मागवलं. चौकोन. आणखी एक ओळ बदलली. अर्धे चौकोन, अर्धी अक्षरं. तो गुडघ्यावर हात दाबून बसला होता. मग तिने कळ दाबली, आणि पडद्यावर वरून खाली सगळं पान अक्षरांनी भरून आलं.

“मावशी हसायची तेव्हा आधी हात पुसायची,” तो मोठ्याने वाचायला लागला, “आणि मग तोंडावर हात... अहो, आलं! सगळं आलं!” त्याचा आवाज चिरकला. “आमटीची कृतीसुद्धा आली! मिरी अर्धी मूठ... बघा ना!”

तो पडद्याकडे झुकला, त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला. कुंगला काही बघता येत नव्हतं. कारण अक्षरं सुधारली तरी नावांची अदलाबदल तिने अजून सुधारली नव्हती, आणि वरच्या चौकटीवर ती पंजा पसरून बसली होती.

“वर हात का धरलाय?”

“चमक येते... डोळ्यांवर.”

“काढा की. मावशीचं नाव बघू दे.”

“नको. म्हणजे... ते अजून व्हायचंय.”

तिचा हात काढायला म्हणून त्याने बोटांवर बोटं ठेवली. आणि मग काढायचं राहूनच गेलं. दोघांचे हात तसेच पडद्यावर, एकावर एक. लमाईमावशी मागे पुस्तक शिवत होत्या, त्यांची सुई थांबली.

“कुंग...” तो म्हणाला. पहिल्यांदाच नुसतं कुंग.

“हं?”

त्याने झटकन हात काढून घेतला, उठून उभा राहिला, स्टूल पडलं. “मी फार वाईट माणूस आहे,” तो म्हणाला. “तिच्यासाठी पंखा घेऊन आलो आणि इथे बसून... तुमच्याबरोबर हसतोय. तिच्याच खुर्चीत बसलेल्या मुलीबरोबर! माझं मन मलाच कळेना झालंय.”

“पी पेत, ऐका तरी—” थोरल्या माणसाला म्हणतात तसं ‘पी’ तिने लावलं.

“नाही. मी ठरवलंय. तिने एकदा लिहिलं होतं, मला भाऊ नाही, मी गेले तर माझ्यासाठी चीवर कोण घालेल? चार दिवस का होईना, भिक्खू होऊन मी घालेन. उद्या सकाळी नदीकाठच्या विहारात मुंडण. सगळं पुण्य तिला. तेवढं तरी मला नीट करू दे.”

आणि गेलासुद्धा. छत्री विसरून.

लमाईमावशींनी दोरा दाताने तोडला. “मुंडण कुणासाठी म्हणाला गं तो? कोण ही सासिविमोन? परवा फोनवरही कुणी विचारत होतं.”

“मी,” कुंग म्हणाली, आणि हुंदका फुटला. “मावशी, सासिविमोन म्हणजे मी!”

सगळी हकीकत ऐकून होईपर्यंत मावशींचा चष्मा नाकावरून पार खाली आला. “म्हणजे फोनवर मीच मारलं म्हण की तुला!” त्या म्हणाल्या. “आणि तू मेल्यासारखी गप्प का बसलीस गं? एरवी तर ऐकवत नाही!”

“त्याला ती आवडते, मावशी. पत्रातली. शांत. मी सांगितलं तर काय मिळेल त्याला? ही... ही केक सांडणारी कोळंबी!”

“आणि नाही सांगितलंस तर काय मिळेल? टक्कल! थाप उघडी पडली तर रागावेल, नाही पडली तर जाईल. तुझा तू विचार कर.”

कुंगने फार विचार केला नाही. ती पहाटेच उठली आणि कॉम्प्युटरपुढे बसली. नावाच्या दोन जागा तिने परत जागच्या जागी बसवल्या. पान मागवलं. वर-खाली नीट तपासलं. मोबाइल घेतला आणि स्कूटर काढली. फुटपाथवर खरंच दोघं चढले.

विहारात पिंपळाखाली पेत मांडी घालून बसला होता. अंगाला पांढरं वस्त्र, ओंजळीत कमळाचं पान, पानावर त्याचेच केस. डोकं तुळतुळीत झालं होतं. मोठे भन्ते वस्तरा घेऊन रिवाजाप्रमाणे भुवयांवर आले होते, आणि एक भुवई गेलीसुद्धा होती.

“थांबा!” कुंग ओरडली. विहारातली कुत्री उठली.

“काय झालं गं पोरी?” भन्ते म्हणाले.

चीवर अंगावर चढलं नव्हतं म्हणून बरं, नाहीतर बाईमाणसाला भिक्खूच्या हातात मोबाइलही देता आला नसता. तिने तो त्याच्या ओंजळीत, केसांवरच ठेवला.

“बघा. वर बघा.”

त्याने बघितलं. चौकटीत लिहिलं होतं, ‘स्मरणार्थ — श्रीमती छलुआय’. त्याच्या मावशीचं नाव. फोटो. मग तिची हकीकत, तिचं हसू, तिची आमटी.

“आता खाली. अजून खाली. अगदी तळाला.”

तळाला बारीक अक्षरांत होतं, ‘अक्षरजुळणी — कुमारी सासिविमोन’.

“ती वर नव्हतीच,” कुंगला धाप लागली होती. “ती खालची होती. माझ्या हातून जागा बदलल्या गेल्या. ती मेली-बिली नाही. ती... ही. मी. मीच ती.”

भन्तेंचा वस्तरा हवेतच राहिला. पेत तिच्याकडे बघत होता. एका डोळ्यावर भुवई, एका डोळ्यावर नाही, त्यामुळे त्याला नक्की काय वाटतंय तेच समजेना.

“बडबडी?” तो शेवटी म्हणाला.

“हो.”

“विसरभोळी? आळशी?”

“...हो.”

“आणि हे तुम्ही पहिल्या दिवशी दारातच—”

“सांगणार होते! पण तुम्ही रडलात. मग दुसऱ्या दिवशी हसलात. मग मला भीती वाटली. तुम्हाला ती पत्रातली हवी होती, आणि मी तर नुसती कुंग. मला वाटलं, सांगितलं की दोघीही जातील तुमच्या मनातून.” तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं. “मला तुम्ही फार आवडता हो. पत्रातले पण, आणि हे बदकासारखे चालणारे पण.”

पेतने मोबाइल तिला परत दिला. मान खाली घातली.

“भन्ते,” तो म्हणाला, “पुढे करा.”

“अरे, आता कुणासाठी?” भन्ते म्हणाले. “बाई तर जिवंत आहे!”

“शब्द दिलाय, भन्ते.”

“बरं बाबा. पुण्य काय, जिवंत माणसालाही पोचतं,” असं म्हणून भन्तेंनी दुसरी भुवई उतरवली.

कुंग घरी आली ती रस्ताभर रडत. रागावला का तो? रागावल्याशिवाय का कुणी असं ‘पुढे करा’ म्हणतं? की शब्द दिला म्हणून खरंच? काही कळायला मार्ग नव्हता, आणि आता तर विचारायचीही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती भाताचं भांडं घेऊन रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसली. भिक्खूंची रांग आली. पुढे मोठे भन्ते, आणि सगळ्यात शेवटी भगवं चीवर सावरत, जरासा डुलत चालणारा पेत. तिने त्याच्या पात्रात भात घातला. त्याची नजर जमिनीवर. भिक्षेला निघालेल्याने नजर खालीच ठेवायची, हा नियम आहे, हे तिला का माहीत नव्हतं? पण नियम कुठे संपतो आणि राग कुठे सुरू होतो, ते तिला कोण सांगणार! तो पुढे निघून गेला.

“बघितलंन्?” लमाईमावशींनी विचारलं.

“नाही.”

“मग उद्या भाताबरोबर काहीतरी घाल, की त्याला बघावंच लागेल.”

कुंगने स्वयंपाकघरात मोबाइल उभा केला, त्याच्या मावशीचं पान काढलं आणि आमटीला लागली. तिने आजवर अंडं सोडून काही शिजवलं नव्हतं. मिरी अर्धी मूठ... मूठ कुणाची, ते पानावर नव्हतं. तिने आपली घातली. मग थोडी लमाईमावशींची. सकाळी आमटी पिशवीत भरून, रबर लावून, तिने ती पेतच्या पात्रात अलगद सोडली. तो वास त्याच्यापर्यंत पोचला असावा. त्याची बोटं पात्राच्या काठावर घट्ट झाली.

भिक्खू ओळीने उभे राहिले आणि त्यांनी आशीर्वाद म्हणायला सुरुवात केली. रोजचाच आशीर्वाद, आयुष्य मागायचं, कांती मागायची, सुख मागायचं, बळ मागायचं. कुंग हात जोडून, मान खाली घालून ऐकत होती. शब्द आयुष्यापाशी आले, आणि ओळीतल्या शेवटच्या आवाजाने दगा दिला. तो अडखळला. पुन्हा सुरू झाला, आणि फस्सकन फुटला. श्रद्धांजलीचा पंखा घाटातून मांडीवर वाहून आणणारा माणूस आता तिच्याचसाठी दीर्घायुष्य मागत होता, आणि त्याला हसू आवरत नव्हतं!

मोठ्या भन्तेंनी खाकरल्यासारखं केलं. कुंगने जोडलेल्या हातांत तोंड लपवलं. वर बघायची हिंमत नव्हती. पण डावा गाल आधी हसला असणार आणि उजवा मागून आला असणार, ते तिला न बघताच दिसत होतं.

सुट्टी संपायच्या आधी त्याने चीवर उतरवलं आणि सरळ छापखान्यात आला. पिवळा शर्ट, डोक्यावर केस नाहीत, डोळ्यांवर भुवया नाहीत. चेहरा सोललेल्या अंड्यासारखा. कुंगला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं.

“मिरी जास्त झाली होती,” तो म्हणाला.

“हेच सांगायला आलात?”

“नाही.” तो कोपऱ्यात गेला. पंख्यावरची कागदी फुलं त्याने काढली, काळी फीत सोडवली, घडी घालून खिशात ठेवली. पंखा तिच्या टेबलाजवळ आणून बटण दाबलं. वारा सुटला, आणि तिचे केस तिच्याच तोंडावर आले.

“मला सासिविमोनला एक सांगायचं होतं,” तो म्हणाला.

“ती... ऐकतेय.”

“आणि आता कुंगलाही सांगायचंय.”

“तीही इथेच आहे.”

“मग दोघींना एकदमच सांगतो, परत धीर व्हायचा नाही. माझं तुझ्यावर प्रेम आहे. पत्रं यायची थांबली तेव्हा जीव जात होता. आणि तू शेजारी बसून बडबडत होतीस तेव्हा परत येत होता. मला वाटायचं मी दोघींत वाटला गेलोय, माझं काही खरं नाही. पिंपळाखाली तू सांगितलंस ना... तेव्हा राग आला. खूप आला. पण त्याच्याआधी, अगदी त्याच्याआधी, काय वाटलं माहितीये? ती जिवंत आहे. बस्स. एवढंच.”

कुंगने केस बाजूला केले.

“आदरणीय श्री. वोरावुत...” तिने सुरुवात केली.

“‘आदरणीय’ काढ आता.”

“आधी तुमच्या भुवया उगवू देत,” ती रडत हसत म्हणाली. “तोवर मी सराव करते. वडिलांना भेटायला असं आणलं तर त्यांना वाटेल, मी फसवून विहारातून पळवलाय.”

“आणि उगवल्यावर?”

उत्तर म्हणून तिने हात पुढे केला. त्याने तो धरला, आणि या वेळी सोडला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. लमाईमावशींनी उचलला, चष्मा वर केला, आणि पंख्याच्या वाऱ्यात उभ्या त्या दोघांकडे बघत मोठ्याने म्हणाल्या, “सासिविमोन? हो हो, आहे ना! इथेच आहे, चांगली जिवंत आहे. पण नंतर करा हो फोन... आत्ता ती जरा कामात आहे.”